अर्पणाचा फोटो

"हॅलो?… हां, कोण?… शलाका होय! अगं, नंबर ओळखीचा दिसेना… सूर्यकांतांच्या फोनवरून करतेयस का? बरं, बोल… नाही गं, कसली कामात! अवरेकाळू सोलतोय दोघं. पद्माकरांनी काल एवढे आणलेत की आता आठवडाभर सांबारात तेच, उपम्यात तेच… हो, हो, येतोय आवाज. तूच जरा खिडकीशी जा, मधेच तुटतोय."

प्रतिमाने फोन कान आणि खांदा यांच्यामध्ये धरला. राजाजीनगरच्या त्या घरात जानेवारीतलं अकराचं ऊन जेवणाच्या टेबलावर येऊन पडलं होतं. मधोमध भिजवलेल्या अवरेकाळूचं, म्हणजे पावट्याच्या दाण्यांचं पातेलं. दाणा दोन बोटांत दाबला की सालीतून सुटकन बाहेर येत होता. समोर पद्माकर तेच करत होते, फक्त तिच्या निम्म्या वेगाने.

"पण शलाका, आधीच सांगते. रविवारचं काही असेल तर मी येणार नाही… नाही, तब्येत छान आहे. यायचंच नाही म्हणून येणार नाही."

आप्पाजी गेल्याला महिना होत आला होता. यशवंतपूरच्या घाऊक बाजारामागे कांद्याच्या गोदामावर एक खोली होती, तिथे त्यांनी प्रवचनं सुरू केली आणि पंधरा वर्षांत तुमकूर रस्त्याला आश्रम उभा केला. सरकारी कारखान्यांतली, संशोधन संस्थांतली शिकलीसवरलेली मराठी घरं त्यांच्याकडे ओढली गेली. प्रतिमा आणि पद्माकर त्यातलेच, शलाका आणि सूर्यकांतही. पुढे आश्रमातून एक मुलगा पळाला, पोलीस आले, पेपरात रकानेच्या रकाने भरून आले आणि चाळीसएक घरं बाहेर पडली. आता आप्पाजींच्या जाण्यानंतर आश्रमातले लोक त्यांना अवतार म्हणत होते आणि पेपरवाले भोंदू. बाहेर पडलेल्या चाळीस घरांना दोन्ही पटत नव्हतं आणि तिसरं काय म्हणावं यावर त्यांचं आपसात जमत नव्हतं. रविवारी सगळ्यांनी भेटायचं, आठवणींची एक पुस्तिका काढायची असं ठरलं होतं. पुस्तिकेचं काम सुधींद्रने अंगावर घेतलं होतं आणि लोकांची मनं वळवण्याचं शलाकाने.

"वाचलं मी ग्रुपवर. 'गुणदोषांसकट थोर.' ते 'थोर' कशाला, सांग मला… अगं, गुणदोषांसकट माणूस म्हण. माणूस म्हटलं तर काय अपमान होतो का कुणाचा?… नाही, मी शब्दावर अडून बसत नाहीये… बरं, बसलेय अडून! बसलेय. पुढे?"

पद्माकरांनी वर पाहिलं. तिने हातानेच 'तुम्ही सोला' अशी खूण केली.

"हो. माहीत आहे… मला माहीत आहे, शलाका. नऊ दिवस. मला सांगतेयस? नऊ दिवस तुमच्या दाराबाहेर सतरंजी टाकून बसले होते आप्पाजी. सूर्यकांत बाहेर पडले की त्यांनी हात धरायचा आणि घरात आणून बसवायचं. तेव्हा डबा कोण आणत होतं तुमच्याकडे?… मीच ना? मग? दारू सुटली, परत शिवले नाहीत सूर्यकांत, हे मी कधी नाकारलं?… अगं ऐक ना. ऐक तरी! माझ्या सासूबाईंच्या हातात आरतीचं ताट पहिल्यांदा त्यांनीच दिलं. विधवा बाई पुढे कशी, म्हणून चार जण उठून गेले तर म्हणाले, जाऊ देत. तेही खरं आहे. खरंच आहे. पण म्हणून दुसरं खोटं होतं का? तुम्ही सगळे एक खरं पुढे करता आणि त्याच्या मागे दुसरं लपवता… तू नाही? बरं, तू नाही. सुधींद्र."

पलीकडचं ऐकता ऐकता तिच्या बोटांतला दाणा जास्त दाबला गेला आणि टेबलावरून उडून खाली गेला.

"तुझा राजस डॉक्टर झाला, मान्य. पहाटे उठायची सवय लागली, शिस्त लागली, मान्य. माझाही इंजिनिअर झालाच की. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात चाळीस माणसं आहेत आशयच्या हाताखाली. मग? त्यासाठी सात वर्षांच्या पोराला आईपासून तोडायला लागतं होय?… 'त्या काळी आपल्याला पटलं होतं' म्हणे! पटलं नव्हतं गं, पटवलं होतं."

आश्रमात मुलांसाठी 'निर्मोह निवास' होता. आईबापांची माया ही मुलाच्या पायातली बेडी आहे, ती लहानपणीच सुटली पाहिजे, असं आप्पाजी सांगत. मूल सातव्या वर्षी अर्पण करायचं. मग दोन महिन्यांतून एकदा अर्धा तास भेट. आणि त्या भेटीत मुलाने आईला 'आई' म्हणायचं नाही, 'ताई' म्हणायचं. कुणी चुकून 'आई' म्हणालंच तर आईने ओ द्यायची नाही. आशय तिथे सहा वर्षं होता, शलाकाचा राजसही तिथेच.

"अजून ताई म्हणतो मला, शलाका. चौतिसाव्या वर्षी. दिवाळीला आला होता, फराळाचं ताट पुढे केलं तर म्हणाला, 'ताई, स्वल्पच दे.' समोरची भाग्यलक्ष्मी बसली होती. कन्नड असली तरी तिला तेवढं मराठी कळतं. मला विचारते, 'अक्का, तम्मा का हा तुझा?' धाकटा भाऊ समजली ती! काय सांगायचं मी तिला?… हसू नको… हसत नाहीयेस? मग काय करतेयस?… बरं. बरं, राहू दे."

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हो, ते गोड बोलणं पुरे. मुद्द्याचं काय ते सांग, कशाला फोन केलास?… फोटो? कुठला फोटो?… अर्पणाचा?"

पद्माकरांचे हात थांबले.

"नाही… नाही म्हणजे नाही, शलाका… पुस्तिकेत काय वाटेल ते छापा, सभागृह सजवा, हार घाला. माझा तो फोटो नाही छापायचा. सरी? कळलं ना? संपला विषय… अगं कसली ऐतिहासिक किंमत? माझ्या घराचा इतिहास आहे का तुमच्या सुधींद्रला छापायला?"

तो फोटो न बघताही तिला पाठ होता. व्यासपीठावर आप्पाजी, पाठीमागे झेंडूच्या माळा. त्यांच्यासमोर पांढऱ्या सदऱ्यातला आशय, सदरा दोन बोटं मोठा. त्याच्या खांद्यांवर प्रतिमाचे दोन्ही हात. आणि प्रतिमा हसतेय. साधंसुधं नाही, एखाद्या बाईला बक्षीस मिळाल्यावर ती हसेल तसं.

"आणि तुमच्याकडे आला कुठून तो? आश्रमाने तर सगळे फोटो काढून टाकले पोलीस केसच्या वेळी. माझी प्रत मी आशयला दिली होती, म्हटलं तुझ्या हाताने फाड… हो. म्हणाला फाडली म्हणून… शलाका, कुणी दिला?… बोल ना… हॅलो? गेला का आवाज?… मग बोलत का नाहीस?… कोणी?"

ती खुर्चीतून उठली. पुन्हा बसली.

"आशयने?… कधी?… गेल्या आठवड्यात? सुधींद्रकडे जाऊन? स्वतः?… अगं, परवा बोलला माझ्याशी! पाणी येतंय का, गुडघा कसा आहे, सगळं विचारलं त्याने… लेख? कसला लेख? त्याने लेख दिलाय?… आणि ग्रुपवर कुणी एक अक्षर बोललं नाही! मीच वेडी, महिनाभर तुमच्याशी भांडतेय."

"काय झालं?" पद्माकरांनी विचारलं.

"आशयने लेख लिहिलाय. आप्पाजींवर… शलाका, मी यांना सांगतेय, तू थांब. आणि आता तू तो लेख मला वाचून दाखव… नाही, पाठवू नको. पाठवलास तर चष्मा शोधण्यात अर्धा तास जाईल. वाच. आहे ना तुझ्याकडे?… मग वाच… दोन परिच्छेद सोडून? ते का?… सुधींद्र काढणार आहे? कशासाठी काढणार आहे?… माझ्यासाठी? मला त्रास होईल म्हणून? मला न विचारता? वा! तुम्ही लोक त्या माणसाला सोडून आलात पण त्याची खोड नाही सोडून आलात. कुणी काय ऐकायचं ते तुम्ही ठरवायचं… रागावू नको म्हणतेस! रागावू नको तर काय करू? वाच तू. पहिल्यापासून."

शलाका वाचू लागली, पद्माकर पुन्हा दाणे सोलू लागले. प्रतिमा भिंतीकडे बघत ऐकत होती.

"हं… हं… 'आप्पाजींनी रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवल्या.' टायफॉईड झाला होता तेव्हा. आम्हाला कळवलंसुद्धा नव्हतं… नाही, वाच तू… 'मला लोक विचारतात, देव होता की भोंदू.' हं. 'मला दोन्ही माहीत नाही.' बरोबर आहे… पुढे?… थांब. थांब, परत वाच ते."

तिने टेबलाची कड धरली.

"'मी त्यांच्याकडे चालत गेलो नव्हतो.' हो… 'मला आणून सोडलं होतं.' …हं. पुढे… 'दर भेटीच्या दिवशी सकाळी मी पिशवी भरून ठेवायचो.' कसली पिशवी?… अगं मला कळतंय, आहे तेच वाचतेयस, पण कसली पिशवी?… 'दोन शर्ट, दोन चड्ड्या, गणिताची वही.' …'मला वाटायचं, आज नेतील.'"

पद्माकरांनी दाणे ठेवून दिले.

"दर भेटीला?… सहा वर्षं?… 'छत्तीस वेळा.' असं लिहिलंय? छत्तीस?"

भेट आश्रमाच्या आवारात व्हायची, एका करंजाच्या झाडाखाली. सगळी कुटुंबं थोड्या थोड्या अंतरावर बसत. आशयच्या मांडीवर नेहमी एक खाकी कापडी पिशवी असे. तिला वाटे, शाळेची असेल. एकदा ती त्याला म्हणालीही होती, 'पिशवी खाली ठेव, नीट बस.' त्याने ठेवली होती. तो शहाण्यासारखा बसला होता आणि सेवकाने घंटा वाजवल्यावर ती पिशवी उचलून आत गेला होता. बसमध्ये ती पद्माकरांना म्हणाली होती, किती समजूतदार झालाय बघा.

"…आहे. आहे फोनवर… शलाका, ओरडू नको, ऐकू येतंय… नाही, पाणी नको. म्हणजे… पद्माकर, पाणी नको मला, बसा तुम्ही… आणखी काय लिहिलंय? संपलं?… आहे अजून? मग वाच की… 'ताई म्हणतो त्यात राग नाही. जीभ वळत नाही, बाकी काही नाही.' …हं."

पद्माकर उठून पाणी घेऊन आलेच. पेला तिच्यासमोर ठेवून ते तिच्याशेजारच्या खुर्चीत बसले.

तिसऱ्या वर्षी ते म्हणाले होते, 'घेऊन येऊ त्याला.' आठवडाभर रोज म्हणत होते. प्रतिमाने ऐकलं नव्हतं. आप्पाजींनी तेव्हा तिला पुढच्या रांगेत जागा दिली होती, नव्या आया तिच्याकडे बघून मुलं अर्पण करत होत्या. ती म्हणाली होती, 'सगळ्यांसमोर आपणच माघार घ्यायची? काय वाटेल आप्पाजींना?' पद्माकर गप्प बसले ते बसलेच. आशय परत आला तोसुद्धा निवास पोलिसांनी बंद केला म्हणून. त्यानंतर एकवीस वर्षं प्रतिमा सगळ्यांना एकच सांगत आली होती: आप्पाजींनी माझा मुलगा घेतला. पद्माकरांनी एकदाही तिला मधे थांबवलं नव्हतं.

"काय?… नाही, तुझं चुकलं असं मी म्हणत नाहीये… शलाका, एक विचारू? राजसला दाखवलास तू हा लेख?… मग? काय म्हणाला?… काहीच नाही म्हणजे?… तू विचारलंस त्याला? तूही पिशवी भरत होतास का, असं स्पष्ट विचारलंस?… आणि?"

ऐकताना तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला आणि त्या जागी काहीतरी थकलेलं आलं.

"…फोन ठेवून दिला? काही न बोलता?… मग तू परत नाही केलास?… म्हणून सूर्यकांतांच्या फोनवरून बोलतेयस होय. तुझा मोकळा ठेवलायस, तो करेल म्हणून… अगं… अगं वेडे… रडू नको. नाही, रड. मी आहे. कुठे जात नाही मी."

पद्माकरांनी भुवया उंचावल्या. तिने फोनवर तळहात धरून हळूच सांगितलं, "राजसचं," आणि पुन्हा फोन कानाला लावला.

"ऐक. शांत झालीस का थोडी?… डोळे पूस आणि कागद घे… अगं घे म्हणते तर. पेन आहे?… तो फोटो छापायचा… हो, मघाशी नाही म्हटलं होतं, आता हो म्हणतेय. लेखाबरोबर छापायचा. आणि लेखातलं एक अक्षर काढायचं नाही, सुधींद्रला सांग. काढलं तर मी रविवारी तिथे येऊन सगळ्यांसमोर मोठ्याने वाचेन म्हणावं… हो, धमकीच आहे. तशीच सांग त्याला."

बाहेर फुलवाली ओरडत गेली. पद्माकरांनी उठून खिडकी लावून घेतली.

"फोटोखाली ओळ लागेल ना?… सुधींद्रने लिहिलीय? काय लिहिलीय?… 'आप्पाजींच्या चरणी बालकाचे अर्पण, एक भावपूर्ण क्षण.' …खोड ती ओळ. पूर्ण खोड… आता माझी लिही. तारीख, ठिकाण ते घाला तुमचं. पुढे… 'आप्पाजींनी मुलगा मागितला.' …हो, मागितला. 'घेतला' नाही… मला माहीत आहे मी इतकी वर्षं काय म्हणत आले. 'मागितला' लिही… लिहिलंस? पूर्णविराम. आता पुढचं वाक्य. 'मी दिला.'"

शलाका बरंच काही बोलत असावी. प्रतिमा डोळे मिटून मान हलवत राहिली.

"नाही… नाही, 'आम्ही' नाही. पद्माकरांचं नाव त्यात नको, ते परत आणू म्हणत होते… हो. तुला सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं… नाही गं, 'भावनेच्या भरात' कशाला? बत्तीस वर्षं प्रयोगशाळेत नोकरी केली मी, भावनेच्या भरात असते का कुणी सहा-सहा वर्षं?… बळजबरी नव्हती. कुणी हात धरला नव्हता माझा. मी हसतेय, दिसतंय फोटोत… त्यांना सोपं जाईल म्हणतेस? आश्रमवाले म्हणतील, बघा, आईच कबूल करतेय? म्हणू देत. पहिलं वाक्य आहे ना वर. सात वर्षांचं पोर मागणारा माणूस कसा, ते ज्याचं त्याने ठरवावं. माझ्यापुरतं मी ठरवलंय… दोन्ही वाक्यं हवीत. एक ठेवून दुसरं गाळायचं नाही. सरी?… वाचून दाखव."

तिने ऐकलं. तिच्या शेजारी पद्माकरांनीही ऐकलं असावं, कारण त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बरोबर. तेवढंच… रविवारी? येईन. बोलणार नाही, पण येईन. आणि तू राजसच्या फोनची वाट बघत बसू नको, उद्याच्या गाडीने हुबळीला जा. त्याच्या दवाखान्यात जाऊन बस. बोलला नाही तरी बस… सूर्यकांतांनाही घेऊन जा… आशयला? त्याला मी सांगेन ना, दुसरं कोण सांगणार? आत्ताच करते… माहीत नाही काय म्हणेन. वाचलं म्हणेन. पिशवीचं वाचलं म्हणेन… त्याने फोन ठेवला तर ठेवला. मी परत करेन… हो. परत करेन, परत परत… बरं, ठेव आता… ठेव गं… तू ठेवत नाहीस ना? मग मीच ठेवते."